जुन्या कागदांच्या फोटोंआधी एक कोरा कागद टिपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावची ग्रंथालये, इतिहासप्रेमी मंडळे आणि घरात जुनी दप्तरे सांभाळणारी मंडळी सध्या कागदांचे डिजिटायझेशन करू लागली आहेत. एक कॅमेरा किंवा मोबाइल, दोन दिवे आणि एक टेबल एवढ्यावर काम सुरू होते. उत्साहाबद्दल तक्रार नाही. पण या फाईली उघडल्या की एक दोष हमखास दिसतो. पानाचा मध्य उजळ आणि कडा करड्या, किंवा डावी बाजू पांढरी आणि उजवी मातकट. मग कोणीतरी ब्राइटनेस वाढवतो. त्याने मधला मजकूर फिका पडतो आणि कोपरा होता तसाच राहतो. हा दोष नंतर सॉफ्टवेअरने काढता येईल अशी सार्वत्रिक समजूत आहे. तसा तो निघतो, पण अर्धवट, आणि जाताना कागदावरचे बरेच काही सोबत घेऊन जातो. तो नीट काढायचा असेल तर फोटो काढतानाच सोय करावी लागते: त्याच जागी, त्याच दिव्यांखाली, त्याच सेटिंगवर एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो. छायाचित्रणाच्या भाषेत याला 'फ्लॅट' म्हणतात. याला खर्च जवळजवळ काही नाही, तरी तो क्वचितच कोणी काढतो.

हा कोरा कागद नेमके काय काम करतो ते आकड्यांत पाहू. कॅमेऱ्यात जे नोंदले जाते तो गुणाकार असतो: त्या ठिकाणी पडलेला प्रकाश गुणिले कागदाने परत फेकलेला वाटा. समजा कागद ८० टक्के प्रकाश परावर्तित करतो आणि शाई ८ टक्के. मध्यभागी प्रकाश १०० असेल तर कागदाची नोंद ८० आणि शाईची ८ होते. कोपऱ्यात प्रकाश निम्मा असेल तर कागद ४०, शाई ४. आता कोपरा उजळायचा म्हणून सगळीकडे ४० मिळवले तर कागद ८० झाला, पण शाई ४४ झाली. म्हणजे काळे अक्षर राखाडी पडले. त्याऐवजी २ ने गुणले तर ८० आणि ८, अगदी मध्यभागासारखे. म्हणून ही दुरुस्ती बेरीज-वजाबाकीची नाही, भागाकाराची आहे. कोऱ्या कागदाच्या फोटोत प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश होता याची नोंद मिळते. पानाच्या फोटोला तिने भागले की प्रकाशाचा चढउतार निघून जातो आणि कागदाचे खरे रूप मागे उरते. खगोलनिरीक्षक हे नेहमीच करतात. दुर्बिणीचा कॅमेरा संध्याकाळच्या किंवा पहाटेच्या संधिप्रकाशातल्या, तारे न दिसणाऱ्या आकाशाकडे रोखून त्यांचे फ्लॅट घेतले जातात.

अर्थात वाईट प्रकाश फ्लॅटने चांगला होत नाही. कोपऱ्यात चौथा हिस्सा प्रकाश असेल तर तिथले आकडे चौपट करावे लागतात आणि त्यासोबत तिथला दाणेदारपणाही चौपट होतो. म्हणून आधी दिवे. एकच दिवा बाजूला ठेवला आणि तो पानाच्या जवळच्या कडेपासून ५० सेंटिमीटर व लांबच्या कडेपासून १०० सेंटिमीटर असला, तर अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने लांबच्या कडेला चौथाई प्रकाश पोहोचतो. उपाय दोन: दोन्ही बाजूंना सारखे दिवे आणि पानापासून त्यांचे अंतर शक्य तितके जास्त, निदान पानाच्या रुंदीच्या दीडपट-दुप्पट. दिवे सुमारे ४५ अंशांत ठेवावेत. त्यांचा रोख पानाच्या मध्यावर न धरता पलीकडच्या कडेवर धरावा, म्हणजे जवळच्या कडेवर पडणारा जादा प्रकाश आपोआप कमी होतो. प्रकाशमापक (मीटर) नसला तरी अडत नाही. पानाच्या मधोमध एक पेन्सिल उभी धरा. तिच्या दोन सावल्या लांबीला आणि गडदपणाला सारख्या दिसल्या तर दिवे जुळले. एक सावली जास्त काळी असेल तर तिच्या विरुद्ध बाजूचा, म्हणजे ती सावली पाडणारा दिवा जास्त प्रखर किंवा जास्त जवळ आहे. छताची ट्यूब आणि खिडकी बंद. खिडकीचा प्रकाश ढगासरशी बदलतो, आणि बदलत्या प्रकाशाला कोणताही फ्लॅट लागू पडत नाही.

दुसरा गुन्हेगार भिंग. कडेकडे प्रकाश कमी होणे हा भिंगाचा स्वभावच आहे. किरण भिंगाच्या मध्यअक्षाशी जो कोन करतो त्याच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने तो घटतो. फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर हा हिशेब ठोकळमानाने असा: २८ मिलिमीटरच्या भिंगाने कोपऱ्यात सुमारे ६० टक्के प्रकाश कमी, ५० मिलिमीटरने सुमारे ३० टक्के, १०० मिलिमीटरने ९ टक्के. प्रत्यक्षात भिंगाच्या रचनेनुसार आणि जवळच्या फोकसमुळे आकडे हलतात, पण क्रम हाच राहतो. म्हणून कॅमेरा खाली आणून रुंद भिंग लावण्यापेक्षा तो वर चढवून लांब भिंग लावणे केव्हाही चांगले. ॲपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, पूर्ण उघडे ठेवू नये. एफ/२.८ चे भिंग एफ/८ वर आणले की भिंगाच्या नळीच्या कडेने प्रकाश अडणे जवळजवळ थांबते.

शटरबाबत एक भारतीय मुद्दा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२०० वर ठेवले तर फोटोत आडवे पट्टे येतात, शिवाय प्रत्येक फोटोत त्यांची जागा वेगळी. हे पट्टे कोणत्याही भागाकाराने जात नाहीत. १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवा, कॅमेरा स्टँडवर पक्का बसवा, शटर टायमरने सोडा. दिवे लावल्यावर १०-१५ मिनिटे थांबा. तापेपर्यंत त्यांचा उजेड आणि रंग दोन्ही सरकतात.

आता फ्लॅट. चित्रकलेचा मॅट कार्डशीट किंवा फोमबोर्ड घ्यावा. तो फ्रेमपेक्षा मोठा असावा, त्यावर घडी, चमक किंवा छाप नसावी. झेरॉक्सच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने असतात, ती निळसर झाक देतात. रंगीत कामात तो टाळलेला बरा. कागद नेमका पानाच्या जागी आणि पानाच्याच उंचीवर हवा, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. ५ सेंटिमीटर जाडीच्या बांधीव खंडाचे पान टेबलापासून ५ सेंटिमीटर वर असते आणि फ्लॅट मात्र टेबलावर ठेवून काढलेला असतो. छोटा दिवा पानाच्या थेट डोक्यावर ६० सेंटिमीटरवर असेल तर तो अचानक ५५ वर आल्यासारखे होते आणि प्रकाशात सुमारे १९ टक्क्यांचा फरक पडतो, तोही सगळीकडे सारखा नाही. खंड उलटत जाऊ तशी डावी बाजू चढते आणि उजवी उतरते. म्हणून खाली पुठ्ठे सरकवून पानाची पातळी कायम ठेवावी.

एक्स्पोजर असे ठेवा की फ्लॅटमधला सर्वांत उजळ भागसुद्धा फाईलच्या उजळपणाच्या मापावर (० काळा, २५५ पूर्ण पांढरा) २१०-२२० च्या आसपास राहील. एकही रंग २५५ ला टेकता कामा नये, कारण टेकलेल्या ठिकाणची माहिती गेली. फोकस, ॲपर्चर, झूम, उंची, काही हलवू नका. कॅमेऱ्यात ऑटो ब्राइटनेस, ऑटो व्हाइट बॅलन्स आणि भिंगदोष सुधारण्याचे आपोआप पर्याय बंद ठेवा. एकाऐवजी १६ फोटो घ्या, प्रत्येक वेळी कागद थोडा सरकवा किंवा फिरवा, आणि त्यांची सरासरी काढा. १६ च्या सरासरीने दाणेदारपणा चौथाईवर येतो आणि कागदाचा पोत पुसला जातो. काही जण पोत घालवायला फोकस बिघडवतात; त्याने कोपऱ्यांचा उजेडही थोडा बदलतो, म्हणून ती युक्ती आम्हाला पसंत नाही. सकाळी एक संच, काम संपताना एक, आणि मध्ये दिवा, कॅमेरा किंवा भिंग हलले तर लगेच नवा.

फ्लॅट हाताशी असला की प्रकाश किती असमान आहे हे मोजताही येते. गिम्प या मोफत चित्र-संपादकातल्या रंग उचलण्याच्या साधनाने मध्य आणि चार कोपऱ्यांचे आकडे टिपा. मात्र हे आकडे फसवे असतात. मध्य २२० आणि कोपरा १८० दिसला तर १८ टक्के फरक वाटतो. प्रत्यक्षात प्रकाश सुमारे ३६ टक्के कमी असतो, कारण फाईलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात साठवलेले नसतात. २२० ला २१० म्हणजे सुमारे १० टक्के. एवढ्यापर्यंत दिव्यांनी आणावे, उरलेले फ्लॅटवर सोपवावे.

प्रत्यक्ष भागाकाराला पैसे मोजावे लागत नाहीत. रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलच्या) विभागात फ्लॅट-फील्डची सोय आहे. एकदा फाईल दाखवली की सगळ्या संचाला लागते. लाइटरूम क्लासिकमध्येही ती आहे. कॅप्चर वनमध्ये एलसीसी नावाने मिळते. इमेजजेमध्ये कॅल्क्युलेटर प्लस वापरून पानाला फ्लॅटने भागावे आणि फ्लॅटच्या सरासरी आकड्याने गुणावे. काम १६ किंवा ३२ बिटमध्ये करावे, कारण ८ बिटच्या २५६ पायऱ्या कोपऱ्यात ताणल्या की पट्ट्यापट्ट्यांचे डाग दिसू लागतात. रॉ फाईल का हवी, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. 'जेपेगमध्ये गॅमा असतो म्हणून भागाकार चुकतो' असे सरसकट सांगितले जाते, ते खरे नाही. गॅमा म्हणजे प्रकाशाचा आकडा ठराविक घाताने बदलून साठवणे, आणि नुसत्या घाताचा गॅमा भागाकाराला आडवा येत नाही. घातांचा भागाकार हा भागाकाराचाच घात. आडवी येते ती कॅमेऱ्याने वरून लावलेली एस आकाराची कर्व्ह. ती उजळ आणि गडद टोके दाबते, त्यामुळे कोपऱ्यातल्या शाईला लागणारा गुणक आणि तिथल्याच कागदाला लागणारा गुणक वेगळे होतात. जेपेगच घ्यायचे असेल तर निदान कॅमेऱ्यातला सर्वांत सपाट, कमी कॉन्ट्रास्टचा प्रकार निवडावा.

मोबाइलची गोष्ट वेगळी. तो प्रत्येक फोटोचा उजळ-गडद समतोल भागाभागाने स्वतः ठरवतो. कोऱ्या कागदावर एक निर्णय, छापील पानावर दुसरा. त्यामुळे साध्या मोडमधला फ्लॅट निरुपयोगी. प्रो मोडमध्ये जाऊन रॉ फाईल घ्यावी, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि शटर हाताने ठरवावे, आणि पान व फ्लॅट दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून उघडावेत. काही मोबाइलच्या रॉ फाईलसोबत कोपऱ्यांच्या दुरुस्तीची सूचना दडलेली असते आणि सगळी सॉफ्टवेअरे ती पाळतातच असे नाही. डोक्यावरच्या ट्यूबखाली उभे राहून हातातल्या मोबाइलने काढलेल्या फोटोत तर काढणाऱ्याचीच सावली असते. पांढरा सदरा घालून टेबलाजवळ उभे राहिले तरी एका बाजूला उजेड वाढतो. गडद कपडे घाला आणि पानाभोवती काळे कापड अंथरा. पांढऱ्या टेबलावरून भिंगात शिरणारा फालतू उजेड हा गुणाकाराचा नसून बेरजेचा दोष आहे, तो फ्लॅटने निघत नाही.

फ्लॅटने आणखी एक गोष्ट निघत नाही, ती म्हणजे शिवणीजवळची सावली. तिथे पान वळलेले असते, कोरा कागद सपाट असतो. दिवे पुस्तकाच्या डाव्या-उजव्या बाजूंऐवजी वरच्या आणि खालच्या बाजूला, म्हणजे शिवणीच्या रेषेत ठेवले तर एक पान दुसऱ्यावर सावली टाकत नाही. खंड पूर्ण उघडत नसेल तर व्ही आकाराची घोडी वापरावी. काच ठेवून पान दाबणे चालते, पण मग फ्लॅटही त्याच काचेखाली काढावा.

आता जे फोटो फ्लॅटशिवाय आधीच काढून झाले आहेत त्यांचे काय? त्यांत प्रकाशाचा नकाशा पानावरूनच अंदाजाने काढावा लागतो. पानाची प्रत करून तिच्यातली अक्षरे पुसायची आणि उरलेल्या पार्श्वभूमीने मूळ पानाला भागायचे. गिम्पमध्ये वरच्या थरावर मोठा गॉशियन ब्लर देऊन थराचा मोड डिव्हाइड करतात, ते हेच. पण ब्लर अक्षरांची काळी शाईही सरासरीत धरतो. दाट मजकुराखालची पार्श्वभूमी गडद समजली जाते आणि भागाकारानंतर तिथली अक्षरे फिकी पडतात, ठळक मथळ्याभोवती पांढरे वलय येते. त्यापेक्षा आधी आसपासचा सर्वांत उजळ बिंदू घेणारी आणि नंतर तेवढेच आकुंचन करणारी क्लोजिंगची क्रिया बरी. ओपनसीव्ही या चित्रांवरच्या प्रोग्रॅमिंगच्या संचात ती कोडच्या एका ओळीत होते. तिची खिडकी, म्हणजे ती एका वेळी पाहते तो चौकोन, सर्वांत जाड रेघेपेक्षा मोठी हवी. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल. मजकुराच्या रेघा ५-६ पिक्सेलच्या असतात, पण वर्तमानपत्राच्या मथळ्याची रेघ ४० पिक्सेलची असू शकते. तिथे ३१ ची खिडकी लावली तर मथळ्याची अक्षरे आतून पोकळ होतात. शाईने भरलेला शिक्का असेल तर तो याहून मोठा. तो पार्श्वभूमी समजून पुसलाच जाईल. कोडच्या वाटेला न जाणाऱ्यांनी स्कॅन टेलर वापरावे. त्यात प्रकाश समान करण्याची खूण आहे आणि साध्या छापील पुस्तकांसाठी ती पुरेशी आहे.

या अंदाजी पद्धतीचा मूळ दोष असा की तिला दिव्याची सावली आणि कागदाचा तपकिरीपणा यांत फरक कळत नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या कडा मध्यापेक्षा गडद असतात, कारण तिथे हवा आणि उजेड जास्त पोहोचला; तो कागदाचा इतिहास आहे. पाण्याचा डाग, पुसट मोर्तब, मागच्या बाजूची फुटलेली शाई, खोडून दुरुस्त केलेली जागा, सगळे एका भागाकारात पांढरे होते. फ्लॅट यातले काहीच पुसत नाही, कारण त्याने पान पाहिलेलेच नसते. म्हणून अंदाजी दुरुस्ती फक्त वाचण्याच्या प्रतीवर करावी, मूळ फाईलवर कधीही नाही. मोबाइलमधली कागद पांढराशुभ्र करून देणारी स्कॅनर ॲप मूळ फोटो टाकून देत असतील तर दप्तराच्या कामाला वर्ज्य.

क्लाहे या पद्धतीचा सध्या फार वापर होतो. पान चौकोनांत तोडून प्रत्येकाचा कॉन्ट्रास्ट वेगळा ताणणे, असे तिचे स्वरूप. ती प्रकाश समान करते असा भास होतो, पण कोऱ्या समासात ताणायला दुसरे काही नसले की ती बुरशीचे ठिपके आणि कागदाचे तंतू ताणते. क्ष-किरण चित्रांसारख्या कामात ती उपयोगी आहे. छापील पानाला तिची गरज नाही.

असमान प्रकाशाचा खरा फटका संगणकाच्या अक्षरओळखीत (ओसीआर) बसतो, आणि देवनागरीत तो जास्त बसतो. ओत्सूची १९७९ ची पद्धत सगळ्या पानाला एकच सीमा लावते: तिच्याखाली काळे, वर पांढरे. मध्यभागातली फिकी शाई ४५ आणि कोपऱ्यातला कागद ४० असेल तर कोणतीही एक सीमा दोन्हींना न्याय देऊ शकत नाही. कोपरा काळा होतो, नाहीतर मध्यातल्या शिरोरेषा तुटतात. शिरोरेषा तुटली की एका शब्दाचे दोन होतात. अनुस्वाराचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे ६ पिक्सेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'घरांत', 'झालें', 'करणें' असे अनुस्वार ओळीओळीला असतात. गडद कोपऱ्यात ते गळतात आणि उजळ भागात बुरशीचे ठिपके अनुस्वार होऊन बसतात. सावोला पद्धत प्रत्येक बिंदूभोवतीच्या खिडकीची सरासरी आणि विचलन पाहून सीमा ठरवते. खिडकी अक्षराच्या उंचीच्या दीड-दोन पट आणि गुणक ०.२ पासून सुरू करून ०.५ कडे न्यावा. फिकी शाई गळू लागली की गुणक खाली आणा, समासात मिरे सांडल्यासारखे दिसू लागले की वर न्या. टेसरॅक्ट या अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीपासून हा पर्याय आत आहे, पण न सांगता ते ओत्सूच वापरते. मोडी कागदांना मात्र काळे-पांढरे करूच नये. आधी पूर्ण रेघ ओढून तिच्याखाली बोरूने सलग लिहिलेल्या या लिपीत अक्षरे जोडणाऱ्या बारीक रेषांवर वाचन अवलंबून असते, आणि सीमेच्या पद्धतीत पहिल्यांदा त्याच तुटतात. वाचकाला राखाडी छटांची प्रत द्यावी.

ज्या संस्था हे काम बाहेर देतात त्यांच्या निविदांत पानांची संख्या, डीपीआय आणि मुदत लिहिलेली असते. प्रकाशाबद्दल बहुधा अवाक्षर नसते. आयएसओ १९२६४ या आंतरराष्ट्रीय मानकात प्रकाशाची समानता ही तपासायची बाब म्हणून आहेच. आपल्याकडे निदान इतके लिहून घ्यावे: रोज दोन वेळा आणि मांडणी बदलल्यावर फ्लॅट घ्यावा, मध्याच्या तुलनेत कोपऱ्यांचा प्रकाश १० टक्क्यांपेक्षा जास्त घटू नये, मूळ रॉ फाईल, फ्लॅट आणि दुरुस्त केलेली १६ बिट टिफ अशा तिन्ही गोष्टी, तारीख आणि खंड क्रमांक नावात घालून, एकाच फोल्डरमध्ये द्याव्यात, वाचनाची हलकी प्रत वेगळी. काम ताब्यात घेताना पहिल्या दिवसाचा आणि शेवटच्या दिवसाचा फ्लॅट उघडून पाच ठिकाणचे आकडे तपासायला दहा मिनिटे लागतात. फ्लॅट मागितल्यावर ठेकेदाराने 'ते आम्ही नंतर सॉफ्टवेअरमध्ये करतो' असे उत्तर दिले, तर नमुन्याची पाने पाहिल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये.

कळावे,
आपले,
दस्तऐवजांच्या छायांकनाचे काम करणारे काही जण, पुणे